पुरुषाची सोनोग्राफी : सांगायला लाज वाटणाऱ्या दुखण्याचे चित्र

कणकवलीतील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकले की दर्शनी भिंतीवरचा फलक प्रथम नजरेत भरतो. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. कायद्याने तो सक्तीचा आहे आणि असायलाच हवा. या विषयावर 1988 साली कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर 1994 साली आला. परंतु या फलकाचा एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. त्याच्याखालील बाकावर सासूबाईंसोबत आलेल्या गरोदर स्त्रिया बसलेल्या असतात आणि त्यांच्यात एखादा पन्नाशीचा शेतकरी अंग चोरून बसलेला दिसतो. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने चार घड्या घालून मुठीत दाबलेली असते. नाव पुकारून 'कसली सोनोग्राफी?' असे कोणी मोठ्याने विचारले की तो 'पोटाची' म्हणून मोकळा होतो. चिठ्ठीत मात्र अंडकोषाची तपासणी लिहिलेली असते.

सोनोग्राफी म्हणजे बायकांची तपासणी, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की पुरुषाच्या जननेंद्रियांची तपासणीही याच यंत्राने होते, हे ऐकून शिकलेली माणसेही चमकतात. वास्तविक वृषणांच्या तपासणीसाठी याहून योग्य दुसरे साधन नाही. शरीरातील बहुतेक इंद्रिये हाडांच्या, हवेच्या किंवा चरबीच्या आड दडलेली असतात. वृषणे मात्र त्वचेच्या लगेच खाली, शरीराबाहेर लोंबणाऱ्या पिशवीत असतात. शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानाहून दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणून निसर्गाने ती बाहेर ठेवली. ध्वनिलहरींना त्यामुळे फार खोल जावे लागत नाही. जितक्या अधिक वारंवारतेच्या लहरी वापराव्यात, तितकी त्यांची पोच कमी आणि चित्र बारीक. येथे पोचीची गरजच नसल्याने बारीक चित्र मिळते. टोरोंटोतील मिस्किन आणि बेन या डॉक्टरांनी 1974 साली वृषणांच्या अशा तपासणीविषयी लिहिले. पुढे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी डॉप्लर पद्धत तिला जोडली गेली आणि 'आत काय आहे' याबरोबर 'आत रक्त पोहोचते आहे का' हेही दिसू लागले. हा दुसरा प्रश्न किती मोलाचा, ते पुढे येईलच.

तपासणीत प्रत्यक्ष काय होते, हे न कळल्यानेच निम्मी भीती असते. रुग्णाला उताणे झोपवतात. शिश्न पोटाकडे वळवून त्यावर टॉवेल टाकतात, अंडकोषाखाली घडी केलेला दुसरा टॉवेल ठेवून त्याला आधार देतात. मग थोडे जेल लावून साबणाच्या वडीएवढा प्रोब हळूच फिरवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, उपाशी राहावे लागत नाही, मूत्राशय भरून ठेवावे लागत नाही. आधी निरोगी बाजू पाहून मग दुखणारी बाजू पाहतात, कारण तुलना करण्यासाठी निसर्गाने नमुना शेजारीच ठेवलेला असतो. कधी उभे करून, श्वास रोखून कुंथायला सांगतात. हे ऐकून रुग्ण बावरतो. पण शिरांतील उलटा प्रवाह आणि अंतर्गळ उभ्याने व कुंथल्यावरच नीट दिसतात. सारे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. सोबत कोणी असावे किंवा असू नये, हे रुग्णाने सांगावे. मुलगा लहान असेल तर आईने किंवा वडिलांनी आत यावेच.

जलवृषण आणि रात्री येणारे पथक

सिंधुदुर्गात या तपासणीला एक जुना स्थानिक संदर्भ आहे. महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या सरकारी यादीत आपला जिल्हा आहे. हत्तीरोग म्हटले की सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 2 कोटी 50 लाख पुरुषांना या रोगामुळे जलवृषण, म्हणजे अंडकोषात पाणी साचण्याचा विकार आहे, आणि हात-पाय सुजलेल्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे आहे. म्हणजे पायापेक्षा अंडकोषच या रोगाचे मोठे ठाणे. सुजलेला पाय चारचौघांत दिसतो, म्हणून रोगाला त्याचे नाव मिळाले. हा दुसरा अवयव धोतराच्या घोळात झाकला गेला. पँट आली आणि तो लपवणे अवघड झाले, तेव्हा अनेकांनी लग्नकार्याला, भजनाला जाणेच कमी केले.

या रोगाचा शोधही जलवृषणापासूनच सुरू झाला. 1863 साली पॅरिसमध्ये देमार्के या शल्यविशारदांना क्यूबाहून आलेल्या एका रुग्णाच्या अंडकोषातील पाण्यात सूक्ष्म कृमी वळवळताना दिसले. ब्राझीलमध्ये वुखेरर यांनी 1866 साली ते लघवीत पाहिले, टिमथी लुईस यांनी 1872 साली कलकत्त्यात ते माणसाच्या रक्तात पाहिले आणि 1877 साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाच्या शरीरात त्यांची वाढ होताना पाहिली. किड्याच्या चाव्यातून माणसाला रोग होऊ शकतो, या विचाराची सुरुवात येथून झाली. हिवतापाचा उलगडा त्यानंतर वीस वर्षांनी झाला.

हे बालकृमी दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. म्हणूनच हत्तीरोगाचे पथक रात्री दारावर येते आणि झोपलेल्यांना उठवून बोटातून रक्ताचा थेंब घेते. कोकणातल्या घरांनी या रात्रीच्या पाहुण्यांचे स्वागत नेहमीच प्रेमाने केले असे म्हणवत नाही. कुत्री अंगावर धावतात, म्हातारी माणसे करवादतात. परंतु दिवसा घेतलेल्या रक्तात कृमी सापडणे कठीण, हे एकदा समजले की त्या वेळी-अवेळी येण्यामागचे शहाणपण कळते.

बालकृमी रक्तात सापडतात, पण त्यांना जन्म देणारी मोठी कृमींची जोडपी राहतात कोठे? ती लसीकावाहिन्यांत असतात, एवढे ठाऊक होते.  ब्राझीलमधील रेसिफे शहरातील अमाराल, ड्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बालकृमी असलेल्या पुरुषांच्या अंडकोषांची सोनोग्राफी केली, तेव्हा पडद्यावर एक विलक्षण दृश्य दिसले. वृषणाच्या वर, वृषणबंधाजवळच्या फुगलेल्या लसीकावाहिनीत धाग्यासारखे काही तरी अखंड वळवळत होते. ती नाडीची लय नव्हती, श्वासाचीही नव्हती. तेच जिवंत कृमी होते. 1994 साली हे प्रसिद्ध झाले आणि वैद्यकीय ग्रंथांत या खुणेला 'फायलेरियाचे नृत्य' असे नाव पडले. विशेष म्हणजे यातील अनेकांना काहीही त्रास नव्हता. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाच्या अंडकोषात वर्षानुवर्षे हा संसार चाललेला असू शकतो. मोठा कृमी सहा ते आठ वर्षे जगतो. औषधाने तो मेला की पडद्यावरील वळवळ थांबते, त्यामुळे उपचार लागू पडला की नाही, हेही याच चित्रावरून समजते. अंडकोष पाहणाऱ्या प्रत्येक सोनोग्राफी तज्ज्ञाने हत्तीरोगाच्या प्रदेशात वृषणबंधावर प्रोब दोन क्षण स्थिर धरावा, असे मला मनापासून वाटते. प्रोब फिरवत राहिले तर हे नृत्य दिसत नाही.

जलवृषणाचे चित्र त्यामानाने सोपे. पाण्यातून ध्वनी परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते आणि त्या काळ्या तळ्याच्या काठाशी वृषण राखाडी बेटासारखे दिसते. मग सोनोग्राफी कशाला, विजेरीच्या उजेडातही पाणी कळतेच, असे जुने डॉक्टर म्हणत आणि ते खोटे नव्हते. परंतु पाण्याचा ताण मोठा असला की आतील वृषण हाताला लागत नाही. ते निरोगी आहे की त्यात गाठ आहे, हे पाहण्यासाठी चित्र हवे. पाणी का साचले, याचे उत्तर कधी कधी त्या गाठीतच असते. सारीच जलवृषणे हत्तीरोगाची नसतात, हेही येथेच सांगावयास हवे. मार लागल्याने, जंतुसंसर्गाने किंवा विशेष कारणाशिवायही पाणी साचते. तान्ह्या बाळाच्या अंडकोषातील पाणी बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जिरते, त्याला घाई करू नये. अंतर्गळ असेल तर मात्र पडद्यावर आतड्याची हालचाल दिसते आणि निर्णय बदलतो.

सुईने पाणी काढून घेणे हा गावोगावी चालणारा उपाय आहे. त्याने आठ दिवस हलके वाटते. पाणी पुन्हा भरते आणि सुईबरोबर जंतू शिरले तर स्वच्छ पाण्याचा पू होतो. मोठ्या माणसाच्या जलवृषणावर शस्त्रक्रिया हाच टिकाऊ उपाय आहे. ती लहान आहे आणि तालुका पातळीवर होऊ शकते. हत्तीरोग असल्यास त्याची औषधेही घ्यावी लागतात. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 साली सुरू झाला, 2004 पासून रोगप्रवण जिल्ह्यांत सर्वांना एकाच वेळी औषध देण्याची मोहीम आली आणि 2027 पर्यंत देशातून हा रोग हद्दपार करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. मोहिमेतील गोळ्या 'मला काही झालेले नाही' म्हणून उशीखाली ठेवणाऱ्यांनी रेसिफेच्या त्या धडधाकट पुरुषांची आठवण ठेवावी.

हा डास क्यूलेक्स जातीचा, घाण पाण्यात वाढणारा. उघडी गटारे, शोषखड्डे, शौचालयाच्या टाक्या ही त्याची घरे. कणकवलीच्या वाचकाला येथे गड नदीकाठचा वागद्याचा गोपुरी आश्रम आठवावा. 1948 साली तेथे स्थिरावलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांसाठी अर्धे आयुष्य वेचले. त्यांचा हेतू श्रमप्रतिष्ठेचा आणि अस्पृश्यतानिवारणाचा होता, डासांचा नव्हता. तरी झाकलेला, कोरडा मैला आणि उघडे, साचलेले पाणी यांतला फरक त्यांनी या तालुक्याला फार आधी शिकवला. आज आपल्या शौचालयांना टाक्या आल्या, टाक्यांना वायू जाण्याचे पाइप आले आणि त्या पाइपांच्या तोंडाला जाळी बसवायची मात्र राहून गेली. जाळीला लागणारा खर्च एका नारळाच्या किमतीहून फारसा जास्त नाही.

जेथे यंत्राचीही वाट पाहू नये

आतापर्यंत सांगितलेली दुखणी सावकाश चालणारी. आता जे सांगतो, ते घड्याळाकडे पाहून वाचावे.

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. पहाटे झोपेतून कळवळत उठतो. 'आये, पोटात दुखता,' एवढेच म्हणतो. त्याला एक-दोन उलट्याही होतात. आई ओवा देते, हिंग लावते, रात्री काय खाल्ले त्याची उजळणी होते. दुखते आहे प्रत्यक्षात डाव्या वृषणात, पण ते आईला सांगण्याचे त्याचे वय नाही आणि वडील मुंबईला असतात. चाकरमान्यांच्या या प्रदेशात असे घर शोधावे लागत नाही. सकाळी तो थोडा शांत होतो, दुपारी लंगडत चालतो, संध्याकाळी सूज इतकी वाढते की लपवता येत नाही. मग डॉक्टर, मग चिठ्ठी, मग सोनोग्राफीसाठी दुसऱ्या दिवशीचा नंबर. ही गोष्ट एका मुलाची नाही. कोणत्याही शल्यचिकित्सकाला विचारा, त्याच्या आठवणीत असा एक तरी मुलगा असतोच.

याला वृषणाला पीळ पडणे म्हणतात. वृषण ज्या दोरीवर लोंबते, त्याच दोरीतून त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या येतात. काही मुलांत वृषण पिशवीला नीट जोडलेले नसते, घंटेतील लोळ्यासारखे मोकळे लोंबते. वयात येताना त्याचे वजन वाढते आणि एखाद्या रात्री, खेळताना किंवा काहीही न करता, ते स्वतःभोवती फिरते. दोरीला पीळ बसतो, आधी रक्त परत जाणे बंद होते, मग येणेही. 25 वर्षांखालील दर 4000 मुलग्यांत वर्षाला सुमारे एकाला हे होते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहांपैकी नऊहून अधिक वृषणे वाचतात. बारा तास उलटले की शक्यता निम्म्यावर येते आणि दिवस गेला की बहुधा काढून टाकण्यावाचून इलाज उरत नाही.

डॉप्लर सोनोग्राफीत निरोगी वृषणात रंगांचे ठिपके चमकत राहतात आणि पीळ पडलेले वृषण विझलेले दिसते. दोरीवर प्रोब नेला तर भोवऱ्यासारखा पीळही दिसू शकतो. जंतुसंसर्गाने सुजलेल्या वृषणात नेमके उलट, रंग भरभरून दिसतो. लघवीला जळजळ, ताप आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढलेले दुखणे असेल, तर बहुधा ते संसर्गाचे. गालगुंडानंतर मुलांना आणि क्षयरोगाने मोठ्यांनाही अशी सूज येते. अशा वेळी चित्राने निदान होते आणि शस्त्रक्रिया टळते. म्हणून या तपासणीचे महत्त्व.

आणि तरीही तिची वाट पाहू नये. मुलगा वयात येणारा, दुखणे अचानक सुरू झालेले, उलट्या, वृषण वर चढलेले आणि आडवे झालेले, मांडीच्या आतील बाजूस बोट ओढले तरी ते वर न हलणारे : एवढे दिसले की अनुभवी शल्यचिकित्सक थेट शस्त्रक्रियेकडे जातो आणि ते बरोबरच आहे. यंत्र शेजारच्या खोलीत असेल तर पाच मिनिटांत पाहावे. ते दुसऱ्या गावी असेल, केंद्र रात्री बंद असेल किंवा दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळत असेल, तर सोनोग्राफीचा आग्रह त्या वृषणाचा घात करील. शिवाय पीळ अर्धवट असला किंवा मध्येच सुटला असला तर रंग दिसतो आणि चित्र फसवते. दुखणे येऊन आपोआप जाणे, पुन्हा काही आठवड्यांनी येणे, हाही इशाराच आहे. तो सांगणारा मुलगा त्या दिवशी हसत असला तरी त्याला परत पाठवू नये.

नरडवे, फोंडाघाट किंवा खारेपाटणच्या बाजूच्या एखाद्या वाडीतून रात्री निघायचे म्हणजे आधी गाडी मिळवायची, मग कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय, तेथून गरज पडल्यास सुमारे 20 किलोमीटरवर ओरोसचे जिल्हा रुग्णालय, किंवा आपल्याकडच्या सवयीप्रमाणे थेट गोव्याची बांबोळी. प्रत्येक टप्प्याला सहा तासांतला एकेक तास जातो. यासाठी 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करतानाच 'पोटदुखी' न सांगता 'मुलाच्या अंडकोषात अचानक दुखते आहे' असे स्पष्ट सांगावे आणि जेथे जायचे तेथे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. वाटेत मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नये, भूल देणे त्याने लांबते. ही शस्त्रक्रिया करायला मोठ्या शहरातला तज्ज्ञच हवा असे नाही. सर्वसाधारण शल्यचिकित्सक ती करतो. पीळ सोडवून वृषण टाके घालून जागेवर बसवतात आणि त्याच वेळी दुसरेही बसवतात, कारण सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो. एक वृषण गेले तरी दुसऱ्यावर संसार होतो, मुले होतात, हेही त्या घाबरलेल्या आईला कोणी तरी सांगायला हवे.

मुलाला ही गोष्ट आधी माहीत असावी, यासाठी घरात एका वाक्याची गरज आहे. 'तिथे अचानक दुखले तर रात्री-अपरात्री मला उठव,' हे वडिलांनी, ते नसतील तर आईने, मामाने, आजोबांनी कोणीही सांगावे. मुलींना पाळीविषयी सांगायला आपण शिकलो. मुलग्यांना सांगण्यासारखे काही असते, हे मात्र आपल्या अजून गावी नाही.

न्हाऊ घालणारीचे डोळे

मुलग्याच्या जन्मानंतर अंडकोषाची पहिली खरी तपासणी बहुतेक घरांत डॉक्टर करीत नाहीत, बाळाला न्हाऊ घालणारी आजी किंवा बाई करते. तेल लावताना एका बाजूची पिशवी रिकामी लागली की तिला ते कळते. ती बोलली तर ऐकावे. पूर्ण दिवसांच्या सुमारे तीन टक्के मुलग्यांत जन्मतः एक किंवा दोन्ही वृषणे खाली उतरलेली नसतात. त्यांतली अनेक पहिल्या काही महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतरही न उतरलेले वृषण आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून ते जागेवर आणावे, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. उशीर केल्यास पुढे शुक्रजंतू कमी होण्याची आणि कर्करोगाची शक्यता वाढते.

येथे एक गोष्ट थोडी आमच्याच व्यवसायाविरुद्ध सांगतो : या बाळांना सोनोग्राफीची सहसा गरज नसते. वृषण हाताला लागले तर ते लागलेच. पोटात असेल तर सोनोग्राफीत ते नेहमी दिसतेच असे नाही, आणि 'दिसले नाही' म्हणजे 'नाही' असे होत नाही. चित्र काढून शस्त्रक्रियेचा निर्णय बदलत नाही, तारीख मात्र पुढे जाते. त्यापेक्षा बाळाला घेऊन लहान मुलांच्या शल्यचिकित्सकाकडे जावे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या बाबतीत याच्या उलट घडते. सून दोन-तीन वर्षांत पाच-सहा वेळा सोनोग्राफीच्या टेबलावर झोपून येते, तिच्या गर्भाशयाच्या चित्रांची फाईल जाड होते आणि मुलगा गणपतीला गावी आला तरी त्याची साधी वीर्यतपासणी झालेली नसते. ती आधी व्हावी. दोष दिसला तर मग पुरुषाची तपासणी आणि गरजेनुसार सोनोग्राफी. पुरुषाच्या वंध्यत्वात आढळणारे एक सामान्य कारण म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात. सुमारे 15 टक्के पुरुषांत हे असते आणि त्यांतील बहुतेकांना मुले होतातच. डावीकडे ते फार अधिक, कारण डावी शीर सरळ मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि तिच्यावर रक्ताचा भार जास्त येतो. उभे करून कुंथायला लावल्यावर तीन मिलिमीटरहून रुंद शिरा आणि उलटा प्रवाह दिसला, तर निदान पक्के. फक्त उजवीकडे असे अचानक झाले किंवा झोपल्यावरही शिरा रिकाम्या झाल्या नाहीत, तर पोटाची सोनोग्राफीही करून मूत्रपिंड पाहावे. केवळ चित्रात बारीकशा शिरा दिसल्या म्हणून शस्त्रक्रियेला घाई करण्याचे कारण नाही.

राहिली गाठ. वृषणाचा कर्करोग फारसा होत नाही, पण जेव्हा होतो तेव्हा बहुधा 15 ते 40 या वयांत होतो आणि दुखत नाही. न दुखणारी, टणक गाठ वृषणाच्या आतच असेल तर ती गंभीर. बाहेर, अधिवृषणिकेत असलेली पाण्याची गाठ सहसा निरुपद्रवी. हा आत-बाहेरचा फरक सोनोग्राफी जवळजवळ अचूक सांगते. संशय आला तर अंडकोषाच्या बाजूने सुई घालून तुकडा काढू देऊ नये, त्याने रोग पसरण्याची वाट मोकळी होते. रक्ताच्या तपासण्या करून जांघेतून शस्त्रक्रिया करतात. लवकर सापडलेला हा कर्करोग शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक जणांत बरा होतो. सोनोग्राफीचा अहवाल आणि छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत. वृषणाची मापे, घनफळ, गाठीचा आकार यांची पुढच्या वेळी तुलना करावी लागते, आणि 'सारे ठीक आहे' असे तोंडी ऐकून कागद तेथेच सोडून येणारे पुरुष फार.

बाकावरच्या त्या शेतकऱ्याकडे परत येतो. त्याच्या काळ्या तळ्यात राखाडी बेट निरोगी होते, वळवळ काही नव्हती, गाठ नव्हती. नुसते पाणी, बऱ्याच वर्षांचे. शस्त्रक्रिया करून घ्या म्हटल्यावर तो पहिल्यांदा मोकळे बोलला. दारात आभाळ भरून आले होते आणि तरवा लावणीला आला होता. 'लावणी आवरून इलंय तर चलात मां?' त्याने विचारले. चालेल म्हटले. त्याने चिठ्ठीची घडी उलगडली, अहवालाबरोबर पिशवीत घातली आणि बाहेरच्या बायकांच्या रांगेसमोरून, या वेळी जरा ताठ चालत, बस स्थानकाकडे गेला.